नाथाच्या मोबाईलवर एकशे बारा विद्यार्थी

रुजू झाले त्या दिवशी मी ग्रंथालयाची मोजदाद केली. कपाटं एकोणीस, त्यांतली कुलूप लागणारी अकरा आणि किल्ली सापडणारी सात. पुस्तकं नोंदीप्रमाणे आठ हजार चारशे बारा, हाताला लागलेली सात हजार नऊशे तीस. संगणक सहा, चालू तीन, माऊस दोन. पंखे आठ, त्यांतला एक फक्त आवाजापुरता. ‘ग्रंथालयात मोबाईल वापरण्यास सक्त मनाई आहे’ असे फलक चार. आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचं जे पुस्तक तिसऱ्या वर्षाला लागतं, त्याची प्रत एक. तीही तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका सरांच्या नावावर, आणि सरांबरोबरच पुण्याला.

मी पदार्थविज्ञानातली पदवीधर. राहते पेणला, नोकरी रोह्याच्या कॉलेजात, पद ‘डिजिटल ग्रंथालय सहायक’, मुदत अकरा महिने. विद्यार्थ्यांना घरबसल्या मोबाईलवर पुस्तकं वाचता यावीत, ही माझी जबाबदारी. काम झाल्यावर जो अहवाल द्यायचा असतो, त्यात ‘आभार’ या शब्दापुढे दीड ओळीची जागा होती. माझे आभार दीड ओळीत मावणारे नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली नूतन. ती धाटावच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून पॅकिंगला होती. दर गुरुवारी, म्हणजे तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती ग्रंथालयाच्या खिडकीशी उभी राहायची.

“मॅडम, पुस्तक आलं का पुन्याहून?”

“पत्र पाठवलंय.”

“गेल्या वर्षी पन पाठवलंवतं.”

तिचा बीएस्सीचा एकच पेपर राहिला होता, तो विश्लेषणात्मक रसायनाचा. गेल्या खेपेला शंभरपैकी तेहेतीस पडले होते. पास झाली तर कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्टची जागा होती, आणि लॅबचे साहेब जूनपर्यंत थांबायला तयार होते. जूननंतर ते दुसऱ्या कोणाला घेणार होते. मी पुण्याच्या त्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “वाचून झालं की लगेच देतो.” त्यांचं वाचन सखोल असणार, यात मला शंका नव्हती.

त्यामुळे डिजिटल ग्रंथालय सुरू करण्याची घाई मला कॉलेजपेक्षा जास्त होती. ज्या कंपनीकडून आम्ही सेवा घेतली, तिच्या यादीत ते पुस्तक होतं. अट एवढीच, की ज्या विद्यार्थ्यांनी जानेवारीअखेरपर्यंत आपलं खातं एकदा तरी उघडलं, त्यांचंच वर्षभराचं सभासदत्व कायम राहील. उरलेली नावं आपोआप गळणार.

आमचे ग्रंथपाल अंबरीश सर फार सज्जन गृहस्थ. त्यांनी एकच शंका काढली.

“शिक्का कुठे मारायचा?”

“सर, ही पुस्तकं कागदाची नाहीत.”

“ते समजलं हो. पण पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर शिक्का नसेल, तर ऑडिटवाले पुस्तक धरत नाहीत.”

शेवटी मी पुस्तकांची यादी छापली आणि सरांनी यादीवर तीन ठिकाणी शिक्के मारले. यादीला सतरावं पान नव्हतं, म्हणून मी अक्षराचा आकार वाढवून पुन्हा छापली. विज्ञान शिकलेल्या माणसाने प्रयोगाच्या अटी पाळाव्यात.

विद्यार्थ्यांची माहिती कंपनीला पाठवायची होती. नाव, प्रवेश क्रमांक आणि प्रवेशाच्या वेळी नोंदवलेला मोबाईल. विद्यार्थ्याने प्रवेश क्रमांक टाकला की त्या मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी येणार, तो टाकला की खातं उघडणार, आणि मग स्वतःचा नंबर व पासवर्ड टाकला की काम झालं. मी प्रत्येक नावाचं शुद्धलेखन तीनदा तपासलं. प्रत्येक मोबाईल क्रमांक दहा आकडी आहे याचीही खात्री केली. सगळे दहा आकडी होते. हे वाक्य मी तेव्हा प्राचार्यांना अभिमानाने ऐकवलं होतं.

आमच्या पेणच्या इमारतीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. समोरच्या हेमांगीकाकू म्हणाल्या, “स्पृहे, नारळ फोडल्याशिवाय काही चालू करू नकोस हो. आणि पडदा लाव. पडदा ओढला की कार्यक्रम झाल्यासारखा वाटतो.” खालच्या मजल्यावरचे गोपाळकाका एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही ते जगाकडे घंटीच्या दोरीशी उभं राहूनच बघतात. ते म्हणाले, “सर्व्हर म्हणजे डेपो, पुस्तक म्हणजे गाडी, पोरं म्हणजे पॅसेंजर. तिकिटाची व्यवस्था चोख ठेव. बाकी गाडी काय, आपोआप चालते.” मी हसले. काका माझ्या हसण्यावर रागावले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार इथेच मानून टाकते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उद्घाटन झालं. पेणला आमच्या मागच्या गल्लीतल्या मूर्तीच्या कारखान्यातून शाडूचा वीतभर गणपती मिळाला होता. तो मी मांडीवर धरून एसटीने नेला. नारळ फुटला. प्रमुख पाहुण्यांनी पडदा ओढला. पडद्याच्या दोरीत राऊटरची वायर अडकली होती, त्यामुळे पडद्यामागोमाग राऊटरही पाहुण्यांच्या पायाशी आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे ठरलेलंच आहे असं त्यांना वाटलं असावं.

पुढचा कार्यक्रम सभागृहात. आजूबाजूच्या वाड्यांतून आलेली चाळीसेक मुलं मोबाईल घेऊन तयार बसली होती. मी म्हटलं, “आता सर्वांनी एकदम प्रवेश क्रमांक टाका.” सर्वांनी एकदम टाकला. आणि सर्वजण आपापल्या मोबाईलकडे बघत बसले. कोणाच्याही मोबाईलवर काही येईना. पाहुणे घड्याळ बघू लागले. “नेटवर्क,” मी म्हटलं. आपल्याकडे या शब्दाने पाच मिनिटं सहज मिळतात. मी मुलांना पुन्हा टाकायला लावलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी पाहुण्यांना भाषणाला उभं केलं, आणि पाऊण तासाने भाषण मध्यावर आलं तेव्हा प्राचार्य फोन कानाला लावून माझ्याजवळ आले.

“मॅडम, पोलिसांचा फोन आहे. आपलं ग्रंथालय एका माणसाला त्रास देतंय म्हणे.”

तो माणूस म्हणजे नाथा. रोह्याच्या एसटी स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पॅन कार्ड, रेल्वेचं तिकीट आणि आजूबाजूच्या साऱ्या वाड्यांतल्या पोरांचे कॉलेजप्रवेशाचे फॉर्म, सगळं नाथाच भरतो. फॉर्म भरताना ओटीपी लागतो. पोरगं दुकानात, फोन बापाकडे, बाप शेतावर नाहीतर शिफ्टला. खोळंबा नको, म्हणून नाथा प्रत्येक फॉर्मवर स्वतःचाच नंबर टाकत आला होता. आमच्या यादीतले एकशे बारा विद्यार्थी नाथाच्या मोबाईलवर राहत होते. सगळे दहा आकडी. दहाही आकडे तेच.

दुकानात सातबारा काढत असताना नाथाच्या फोनवर चाळीस ओटीपी आले, पाठोपाठ आणखी चाळीस, पाठोपाठ आणखी. नाथा दुकानाला कुलूप लावून बँकेत धावला. बँकेने त्याचं खातं गोठवलं. तिथून तो पोलिसांकडे गेला. हवालदारांनी मेसेज शेवटपर्यंत वाचला, त्यात कॉलेजचं नाव दिसलं, आणि त्यांनी पाहुण्यांच्या भाषणाच्या ऐन मध्यावर फोन लावला.

मी संध्याकाळी नाथाच्या दुकानात क्षमा मागायला गेले. भिंतीवर एक पोस्टर होतं. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका. जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीलाही दिसू देऊ नका. हल्ली आवाजाची नक्कल करतात, घरच्या माणसाचा आवाज आला तरी आकडा देऊ नका.’ डिसेंबरात सायबर सुरक्षेवर मीच व्याख्यान दिलं होतं आणि ही पोस्टरं मीच वाटली होती.

“तुमचंच हाय, मॅडम,” नाथा म्हणाला. “त्येच्यामुळंच वाचलो.”

“नाथाभाऊ, पण तो मेसेज आमचाच होता.”

“आता कळलं. तवा वाटलं, सगळी चोरटी माझ्याच मागं लागलीत. खातं दोन दिवस बंद हाय. लोकं लाइटबिल भरायला येतात नि परत जातात.”

मी खाली मान घालून उभी राहिले. विनाअट क्षमा मागायची सवय नसली की मान किती खाली घालायची ते कळत नाही. मी जरा जास्तच घातली असावी, कारण नाथाने स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला.

सगळ्यांचे नंबर बदलून द्या, असं मी कंपनीला कळवलं. उत्तर तत्पर आलं. सुरक्षेच्या कारणास्तव नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला जाईल.

गोपाळकाकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “म्हणजे पॅसेंजर गाडीत आणि सगळ्यांची तिकिटं एकाच्या खिशात. मग त्या एकालाच गाडीत घे की.” विज्ञानाच्या पदवीधराला हे आधी सुचायला हवं होतं.

नाथाला दुकान बंद ठेवणं परवडत नव्हतं, पण सव्वीस जानेवारीला ते बंदच असणार होतं आणि झेंडावंदनाला मुलंही येणार होती. नाथा आला. अडचण जागेची होती. ग्रंथालयात मोबाईलला मनाई. फलक काढायला समितीचा ठराव हवा, आणि समितीची बैठक सभासदांअभावी तीनदा तहकूब झालेली. “उंबऱ्याच्या बाहेर काहीही करा, माझी हरकत नाही,” अंबरीश सर म्हणाले. म्हणून रोह्यातलं पहिलं डिजिटल ग्रंथालय व्हरांड्यात, चपलांच्या शेजारी भरलं. खुर्ची नेऊन ठेवली ती स्वतः अंबरीश सरांनी.

सगळ्यांनी एकदम टाकून चालणार नव्हतं, कारण कुठला ओटीपी कोणाचा ते मेसेजवरून कळत नाही. एकेकाने पुढे यायचं, क्रमांक टाकायचा, नाथाने आकडा सांगायचा. नाथा नवरात्रात त्याच्या आळीत हाऊजीच्या खेळाचे आकडे पुकारतो, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन मुलांचे आकडे त्याने पोस्टरला स्मरून कानात सांगितले. तिसऱ्यापासून त्याला राहवेना.

“दोन बदकं, बावीस! एकटा सात! पुढं गोल गोल शून्य!”

“लाईन!” मागून पोरं ओरडली.

“गप रं! तुझा नंबर अजून आला नाय!”

दुपारपर्यंत एकशे एक खाती उघडली. नाथाने मोबदला घेतला नाही. चहा घेतला, झेंडावंदनाची जिलबी घेतली, आणि जाताना म्हणाला, “मॅडम, आता हा नंबर मला नको. आईच्या फोनात कार्ड नव्हतं, तिला देऊन टाकतो. मी नवा घेतलाय.” मी म्हटलं, अवश्य. मी त्या दिवशी इतकी कृतज्ञ होते, की त्याने माझा फोन मागितला असता तरी अवश्यच म्हटलं असतं.

उरलेल्या अकरांपैकी दहांचं पुस्तकांशी जुनं वैर होतं. अकरावी नूतन. तिच्या कंपनीला सव्वीस जानेवारीची सुट्टी असते, पण पॅकिंगच्या कंत्राटी पोरींना नसते.

ती पुढच्या गुरुवारी आली. तो महिन्याचा शेवटून दुसरा दिवस होता. मी नाथाच्या आईच्या नंबरवर फोन लावला. नाथाची आई, बायजाआजी, कोलाडजवळच्या वाडीत शेतावर राहते.

“आजी, मी कॉलेजातून बोलते. तुमच्या फोनवर एक आकडा येईल, तेवढा—”

“मेल्यानो, लाजा नाय वाटत?” आणि फोन बंद.

मी नाथाला कळवलं. त्याने स्वतः आईला फोन केला. पाच मिनिटांनी त्याचा मला फोन आला.

“मॅडम, ती म्हनते, आवाज नाथाचा हाय पन तू नाथा नाय.”

“असं कसं?”

“मीच तिला सांगून ठेवलंय ना. तुमचं पोस्टर वाचून. घरच्या मानसाचा आवाज आला तरी नाय द्यायचा. मी म्हटलं, आई, अगो मीच तो. तर म्हनते, चोरबी ‘मीच तो’ म्हनेल, असं नाथाने सांगितलंय.”

एखाद्या व्याख्यानाचा इतका खोल परिणाम झाल्याचं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

नाथाच्या दुकानात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची रांग होती, तो हलू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अखेरच्या दिवशी, नूतनने पहिली शिफ्ट संपवली आणि भावाची स्कूटर घेऊन थेट कॉलेजात आली. अंगावर कंपनीचा निळा गणवेश तसाच. मी ओळखपत्र, कॉलेजच्या कागदावर प्राचार्यांचं पत्र आणि त्यावर अंबरीश सरांचा शिक्का असं सगळं घेऊन मागे बसले. सरांनी शिक्का तीन ठिकाणी मारला होता.

भात कापून झालेल्या शेतात वाल उभा होता. बायजाआजी बांधावर शेंगा तोडत होती. मी नमस्कार केला, ओळखपत्र दाखवलं, पत्र दाखवलं. आजीने पत्र हातात घेतलं, उलट बाजू पाहिली आणि परत दिलं.

“कागद कोनीबी छापतो. तू ती फोनवाली ना?”

“हो. म्हणजे मीच, पण—”

“तिकडं उभी ऱ्हा.”

मी तिकडं उभी राहिले. नूतनने तोवर प्रवेश क्रमांक टाकला होता आणि आजीच्या ओच्यातला बटणांचा फोन वाजला होता. ओटीपीची मुदत तीन मिनिटं. आजीने फोन मुठीत गच्च धरला आणि नूतनला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू कुनाची गो?”

“काळुरामाची. नदीपल्याडची.”

“कंचा काळुराम? माळावरचा का वडाखालचा?”

“वडाखालचा.”

“ज्येचा रेडा आमच्या वालात शिरलावता, त्यो?”

“व्हय आजी. त्योच.”

“काय नुसकान केलंन मेल्यानं! आन वर तुझा बापूस म्हनतो, माझा रेडा नाय. सांग बघू, त्या रेड्याचं शिंग कंचं मोडलेलं?”

“डावं,” नूतन म्हणाली. “पन आजी, मोडलं ते तुमच्या कुंपणात.”

आजी हसली. मुदत संपली होती. आम्ही पुन्हा मागवला. आता आजीला नूतनच्या आत्याची चौकशी करायची होती, कारण आत्या आणि आजी एका गावच्या. आत्याला कोणत्या गावी दिलं, तिला मुलं किती, धाकट्याचं लग्न जमलं का, इथवर ती मुदतही संपली. तिसऱ्या वेळी आजी आकडा सांगायला तयार झाली, पण फोनचा उजेड विझला आणि तो पुन्हा पेटवायचं बटण नाथाने दाखवलेलं तिला आठवेना. नूतनच्या पडद्यावर अक्षरं उमटली. प्रयत्न संपले, एक तासानंतर पुन्हा प्रयत्न करा.

सेवा रात्री बाराला बंद होणार होती, म्हणजे तास हाताशी होता. पण नूतन बांधावर मटकन बसली. गेले चार महिने खिडकीशी उभी असताना तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. ती म्हणाली, “मॅडम, राहू द्या. माझ्या नशिबात पॅकिंगच हाय.” मी तिच्याशेजारी बसले.

“पॅकिंगचं काय लावलंस?” आजीने विचारलं. नूतनने सांगितलं. पेपर, लॅब, जूनची मुदत, पुण्याचं पुस्तक. आजीने सगळं ऐकून घेतलं, मग उठली.

“तास हाय ना? मंग पोपटी लावू.”

मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये चार अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. मी धुरात उभी राहून मडक्यातल्या वाफेचा दाब आणि पाण्याविना शिजण्याची क्रिया समजावून सांगू लागले. आजी म्हणाली, “ही नेमी अशीच बोलते?” नूतन म्हणाली, “व्हय, पन मनानं चांगली हाय.” माझ्याबद्दल कोणी लिहिलेलं कुठलंही प्रशस्तिपत्र यापेक्षा मोठं नाही, आणि तेही माझ्या समोरच, मी जणू तिथे नाही अशा रीतीने दिलेलं.

शेंगा खाऊन होईतो तास झाला. नूतनने क्रमांक टाकला. फोन वाजला. आजीने या वेळी उजेड विझू दिला नाही. पण आकडा वाचण्याआधी माझ्याकडे वळली.

“तू तिकडं तोंड कर.”

“आजी, अहो ही सेवा मीच—”

“जवल उभ्या मानसाला दिसू द्यायचं नाय. नाथानं वाचून दाखवलंय मला.”

डिजिटल ग्रंथालय सहायक पेंढ्याच्या गंजीकडे तोंड करून उभी राहिली. मागून एकेक आकडा येत होता, हलक्या आवाजात. मग नूतनचा आवाज.

“उघडलं.”

मी वळले. ती बोटाने पानं सरकवत होती. बोटांना शेंगांची काजळी लागली होती आणि पडद्यावर तिचे ठसे उमटत होते.

“मॅडम, ह्यात आकृत्या पन हायेत.”

आजीने वाकून पाहिलं. “परत कधी द्यायचं?”

“परत नाही द्यायचं, आजी,” मी म्हटलं. “वर्षभर तिच्याकडेच.”

“मंग बरं. त्या पुन्याच्या मानसाला सांगा, आता नको म्हनावं.”

निघताना तिने आम्हा दोघींच्या रुमालात शेंगा बांधून दिल्या. माझ्यात थोड्या कमी होत्या. पेणला पोचल्यावर त्यांतल्या निम्म्या मी गोपाळकाकांना दिल्या आणि निम्म्या हेमांगीकाकूंना. काकूंनी विचारलं, “नारळ लागू पडला ना?” मी म्हटलं, हो.

जूनमध्ये, करार संपण्याच्या आठवड्यात, मी पुन्हा मोजदाद केली. कपाटं एकोणीस, किल्ली सापडणारी आठ. संगणक सहा, चालू तीन. मोबाईल-मनाईचे फलक चार. डिजिटल ग्रंथालयाचे सभासद एकशे दोन अधिक स्वतःचा नंबर असलेले एक्कावन्न, एकूण एकशे त्रेपन्न. विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची छापील प्रत एक, पुण्यात.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी निकाल लागला. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, नूतन काळुराम, शंभरपैकी एकाहत्तर.